उपासाच्या दिवशीची कोंबडी

गोंडर शहरात एत्ये ताँगुतच्या अंगणात मी भाड्यानं राहायला आले, त्याच दिवशी संध्याकाळी ती माझ्या दारात आली. चुलीवर शिरो रटरटत होता. शिरो म्हणजे आमचं रोजचं पिठलं. तिनं झाकण उचललं, वाफेवर क्षणभर नाक धरलं आणि झाकण परत ठेवलं.

"लसूण करपलाय. तुळस गेल्या वर्षीची आहे. काय नाव म्हणालीस तुझं? देब्रितू? देब्रितू, तुझ्या आईनं तुला इकडे नोकरीला पाठवलंय की उपाशी मारायला?"

मी शाळेत गणित शिकवते. माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी दगावलेलं नाही, एवढंच माझ्या स्वयंपाकाबद्दल सांगता येईल. पण तिनं तुळशीचं साल ओळखलं, याचं मला फार नवल वाटलं. वयानं मोठ्या बाईला आम्ही 'एत्ये' म्हणतो, तशी मी तिला त्या दिवसापासून एत्ये म्हणायला लागले आणि तिच्या नाकाला मनातल्या मनात नमस्कार करायला लागले.

अंगण एक आणि घरं तीन. मोठ्या घरात ताँगुत आणि तिचा नवरा मेकुरिया. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही 'गाशे' म्हणतो. गाशे मेकुरियांनी बत्तीस वर्षं बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर ते अंगणात खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचे, जणू बस लागायचीच आहे. मधल्या घरात एत्ये लाकेच. ती शेजारच्या गोज्जम प्रांतातली, विधवा, जिभेनं तिखट. शेवटच्या खोलीत मी. दुपारी तिघींची कॉफी एकत्र व्हायची, एक दिवस हिच्याकडे, एक दिवस तिच्याकडे. बिया भाजायच्या, कुटायच्या, तीन वेळा उकळायच्या. एवढ्या वेळात दुसरं काय करणार? आम्ही जेवणाबद्दल बोलायचो. कुणाची आई आंबवलेल्या पिठात कोमट पाणी घालायची, कुणाची आजी फक्त विहिरीचं. मिरच्या कुटताना आधी आलं की आधी लसूण. यावरून ताँगुत आणि लाकेच अकरा वर्षं भांडत होत्या आणि एकीलाही कंटाळा आला नव्हता.

"तुम्ही गोज्जमवाले वेलदोडा असा घालता, जसं काही दवाखान्यातलं औषध बनवताय," ताँगुत म्हणायची.

"आणि तुम्ही गोंडरवाले दाखवता फक्त. आमच्यात पाहुण्याला चव लागते, तुमच्यात नुसता मान मिळतो."

ताँगुतनं लाकेचच्या शिरोला अकरा वर्षांत एकदाही चांगलं म्हटलेलं नव्हतं. फार तर, "खाल्ला जातो," म्हणायची.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता ताँगुतला ताप आला. आठवडाभर ती अंथरुणात होती. मग उठली, कामाला लागली. चेहरा जरा उतरलेला होता, पण वयही साठीचं होतं, आम्ही काही मनावर घेतलं नाही. एकच बदल मला दिसला. गाशे मेकुरियांची खुर्ची फाटकाजवळून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली होती. मांडीवर जुना रेडिओ, हातात पेचकस. रेडिओ काही दुरुस्त होत नव्हता. मधूनच ते आत ओरडायचे, "ताँगुत, काही पेटलंय का गं?" आतून झाकण आपटल्याचा आवाज यायचा.

पावसाळ्यानंतरच्या मस्करम महिन्यात एका दुपारी कॉफी माझ्याकडे होती. मी शाळेतली एक गंमत सांगत होते आणि बोलण्याच्या नादात तव्यावरच्या बियांचा कोळसा झाला. रीतीप्रमाणे भाजलेल्या बियांचा तवा मी दोघींपुढे फिरवला. लाकेचनं तोंड वाकडं केलं. "पोरी, हे पेरून बघ, लोखंड उगवेल."

ताँगुतनं मात्र नेहमीसारखे डोळे मिटले, हातानं धूर स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाली, "वा! आज जमलं हं तुला."

लाकेच हसली. तिला वाटलं टोमणा आहे. मलाही तसंच वाटलं. पण ताँगुत हसत नव्हती. ती आमच्याकडे बघत होती, आधी हिच्याकडे, मग तिच्याकडे. मग म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लाकेच झाकलेलं मडकं घेऊन ताँगुतकडे गेली. मी मागोमाग. तिनं शिरो केला होता. त्यात मीठ होतं, तिखट होतं. लसूण नव्हता, तुळस नव्हती, कांदा कच्चा होता. मी वाटेतच एक बोट चाटलं होतं. चिखल परवडला असता.

ताँगुतनं इंजेऱ्याचा, आमच्या आंबवलेल्या धिरड्याचा, तुकडा मोडला, शिरोत बुडवला, खाल्ला.

"कसा झालाय?" लाकेचनं विचारलं.

ताँगुतनं घास गिळला. "चांगला झालाय."

लाकेच मटकन खाली बसली. शालीचं टोक तोंडाला लावून ती रडायलाच लागली. "अकरा वर्षं," ती म्हणाली, "अकरा वर्षं ही बाई हे कधी म्हणेल म्हणून वाट बघितली मी. आणि म्हणाली ती कुठल्या घाणीला!"

ताँगुतनं ताट बाजूला सारलं. बाहेर रेडिओचा पेचकस थांबला.

"मीठ कळतं," ती हळूच म्हणाली. "तिखट भाजतं. बाकी सगळं ओल्या कागदासारखं. ताप गेला तो नाक घेऊन गेला. वाटलं, येईल चार दिवसांत. महिना होत आला."

"आणि आम्हाला सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगू? तू गोज्जमपर्यंत दवंडी पिटली असतीस."

लाकेचनं डोळे पुसले. "पिटली असती," तिनं कबूल केलं.

मला तेव्हा नीट कळलं नाही की ताँगुत एवढी का घाबरलीय. मग तिनंच सांगितलं. आमच्या भागात मरियमची मंडळी आहे, बारा घरांची. दर महिन्याच्या एकविसाव्या दिवशी एका घरी सगळे जमतात, पाद्रीबाबा येतात, भाकरीला आशीर्वाद देतात, जेवणं होतात. पुढच्या, तिकिम्त महिन्याची पाळी ताँगुतची. तिची कोंबडी खायला लोक वर्षभर थांबतात. आणि त्या वर्षी एकविसावा दिवस आला होता गुरुवारी. म्हणजे स्वयंपाक बुधवारी.

बुधवारी आणि शुक्रवारी आमचा उपास. मांस, लोणी, अंडं यातलं काही जिभेला लागता कामा नये. रांधायला हरकत नाही, चाखायला आहे. सणाचं जेवण असं कितीदा तरी उपासाच्याच दिवशी शिजतं. म्हणून आमच्याकडे बाईची परीक्षा जिभेवर होत नाही, नाकावर होते. मीठ अंदाजानं पडतं, बाकी सगळं वासावर.

"पाळी दुसऱ्याला दे," मी म्हटलं. "आजारी होते म्हणावं."

"चाळीस वर्षांत दिली नाही."

"शेजारच्या मेस्केरेमची मुलगी पाच वर्षांची आहे. तिला उपास नसतो. तिला चाखायला लावू."

"ती तिखटानं भोकाड पसरेल," लाकेच म्हणाली, "त्यावरून वेलदोडा कमी की जास्त, ते तू कळवशील का?" मग ती उठली, मडकं उचललं आणि ताँगुतकडे न बघता म्हणाली, "नाक माझं घे. पण माझ्या नाकाला शिव्या द्यायच्या नाहीत."

बुधवारी सकाळी आम्ही तिघी स्वयंपाकघरात शिरलो. गाशे मेकुरियांनी पाच कोंबड्या प्रार्थना म्हणत कापून दिल्या आणि खुर्चीत जाऊन बसले. लिंबू-मिठाच्या पाण्यात त्या धुण्याचं काम माझ्याकडे आलं. सात पाणी झाली तरी ताँगुत म्हणे, "अजून." वास येत नसताना तिला कसं कळत होतं, विचारलं, तर म्हणाली, "पाण्याकडे बघ ना. आरपार बोटं दिसतायत का?" एका कोंबडीचे बारा तुकडे, एकही कमी नाही, एकही मोडका नाही. ते तिनं स्वतः केले. तिथे सुरीला नाक लागत नाही.

मग कांदा. आठ किलो, अगदी बारीक. आमच्याकडे कांदा आधी कोरडाच शिजवतात, तेल-लोण्याचा थेंब नाही. तो हळूहळू पाणी सोडतो, मग ते आटतं, मग रंग धरतो. लाकेच पातेल्याशी उभी राहिली. ताँगुत शेजारी पाटावर बसली, हात मांडीवर.

"वास कसला येतोय?"

"कांद्याचा."

"अगं कांद्याचाच येणार, माझ्या काकीचा येणार आहे का? कसा कांदा?"

"कांद्यासारखा कांदा!"

"लाकेच, डोळ्यांत जातोय का गोड लागतोय? कच्चा आहे, शिजलाय, लागायला आलाय, काय ते सांग."

लाकेचला सांगता येईना. आयुष्यभर नाकानं ओळखून हातानं केलेलं, ते तोंडानं कोण बोलतं? ती चिडली. "देब्रितू, तू शिकलेली आहेस, तू सांग."

मी वाकून वास घेतला. डोळे मिटले. आणि मला एकदम आमच्या गावची वाट दिसली. बाजाराला जाताना आई शालीच्या गाठीत भाजलेलं जव बांधून घ्यायची. तीन तासांची चाल. अर्ध्या वाटेवर ती गाठ सोडायची, तेव्हा आधी शालीचा वास यायचा आणि त्याच्यामागून जवाचा, गोडसर, कडेला जरासा जळका.

मी तेच सांगितलं. शालीसकट.

"जळका आधी येतो का गोड आधी?" ताँगुतनं ताडकन विचारलं.

"गोड आधी."

"पाणी! वाटीभर, गरम, कडेनं. लवकर!"

पाणी पडलं, चर्र झालं. लाकेचनं पळी फिरवली आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. तळाला नुकता तांबूस थर धरला होता. अजून अर्धा मिनिट, आणि आठ किलो कांदा बाहेर फेकावा लागला असता.

आम्हाला युक्ती सापडली. पुढचे तीन तास त्या धुरकट खोलीत आम्ही वास सांगत होतो, आणि वास सांगायला गेलं की माणसं यायची. लोणी आणि लाल मसाला पडला तेव्हा लाकेच म्हणाली, "माझ्या आतेच्या उखळीजवळ बसल्यासारखं. आते कुटायची, आम्ही मुलं शिंकायचो, आणि ती शिंका मोजायची. सर्वांत जास्त शिंका त्याला पहिला घास."

"शिंक येतेय म्हणजे कच्चा आहे. ढवळत राहा."

"तुझ्या किती व्हायच्या?" मी विचारलं.

"एकोणीस. खोट्या धरून."

बाहेरून गाशेंचा आवाज आला. "माझ्या पोटात वास जातोय, उपास मोडतो का ते कुणी बाबांना विचारा."

"नाकाला बूच लावा आणि रेडिओ दुरुस्त करा!" लाकेच ओरडली.

थोड्या वेळानं ताँगुतनं पुन्हा विचारलं, "आता?"

लाकेच पातेल्यावर वाकली होती. वाफेनं तिचा चेहरा ओला झाला होता, निदान मी मनाशी तसं म्हटलं.

"तेफेरी ईस्टरच्या पहाटे चर्चमधून यायचा," ती म्हणाली. "दारात थांबायचा. आत यायचा नाही. तिथूनच विचारायचा, 'या घरात कोण रांधतंय? लग्न झालंय का तिचं?' मी म्हणायचे, झालंय, एका आळशाशी. मग आत यायचा. पंधरा वर्षं, दर ईस्टरला, तोच विनोद." तिनं पळी फिरवली. "त्या पहाटेचा वास आहे हा."

ताँगुत अगदी मऊ आवाजात म्हणाली, "कडेला बघ. लोणी मण्यांसारखं वर आलंय का?"

"आलंय."

"मग तेफेरीला आत घे. कोंबडी टाक."

कोंबडी पडली, शिजली. उकडलेली अंडी चिरा पाडून शेवटच्या उकळीला सोडली. राहिला तो शेवटचा मसाला, पूड करून चिमटीनं टाकायचा. यातच सगळं असतं आणि यातच गोंडर आणि गोज्जमची लढाई. ताँगुतनं आईच्या मापानं दोन चिमटी टाकल्या. लाकेचनं वास घेतला.

"कमी आहे."

"बरोबर आहे. आईचं माप आहे."

"आईच्या वेळी कोंबड्या दोन असतील. इथे पाच आहेत."

"म्हणून तर दोन चिमटी. आई एकच टाकायची."

"ताँगुत, वेलदोडा दिसतच नाही नाकाला. कोंबडीच्या मागे लपलाय. देब्रितू, तू सांग."

मी दोघींच्या मध्ये पडायला तयार नव्हते. मी म्हटलं, मला नुसती भूक कळतेय.

ताँगुत पाटावरून उठली, पातेल्याशी आली, वाकली, जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. वाफ तिच्या केसांत शिरली. मग ती सरळ झाली.

"तुम्हाला एक सांगू?" ती म्हणाली. "मी आईचं स्वयंपाकघर आठवायला बसते. चूल दिसते. तिचे हात दिसतात, अंगठ्यावरचा डाग दिसतो. वास येत नाही. आधी नुसतं आठवलं तरी यायचा. मला भीती वाटते, की आता मी नुसती मापं मोजणारी बाई झाले."

 लाकेचनं मसाल्याची डबी उचलून ताँगुतच्या हातात दिली. ताँगुतनं ती उघडून परत लाकेचपुढे धरली.

"टाक," ती म्हणाली. "तुझ्या हातानं. पण दवाखाना करू नकोस."

लाकेचनं चिमूट घेतली, निम्मी परत डबीत झटकली, उरलेली पातेल्यात सोडली. झाकण ठेवलं.

गुरुवारी अंगण माणसांनी भरलं. पाद्रीबाबांनी भाकरीला आशीर्वाद दिला, तल्ल्याचे, म्हणजे घरी गाळलेल्या बिअरचे, पेले भरले गेले, मोठ्या टोपल्यांवर इंजेरा पसरला आणि त्यावर कोंबडी वाढली गेली. ताँगुत हात पुसत उभी होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि ती सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे.

मंडळीतले सर्वांत वयस्क अबा बिरू. त्यांनी पहिला घास चावला. मग दुसरा. मग बोट वर केलं. 

"ताँगुत, आज हात वेगळा लागतोय."

 ताँगुतला 'म्हातारपण' म्हणून हसून टाळता आलं असतं. चाळीस वर्षांचं नाव होतं. तिनं डोक्यावरची शाल सारखी केली.

"हात माझाच आहे, अबा. नाक लाकेचचं आहे. माझं दीड महिन्यापूर्वी गेलं. आणि शेवटची चिमूट गोज्जमची आहे."

 तेवढ्यात गाशे मेकुरिया खुर्चीवरून उठले.

"देवाची शपथ," ते म्हणाले, "दीड महिना मी करपलेला शिरो खातोय! दाराशी बसून पहारा करतोय, जळायच्या आधी ओरडावं म्हणून. तो रेडिओ चांगला चालतो!"

"तुम्हाला माहीत होतं?" ताँगुत ओरडली.

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"चाळीस वर्षांत तू कधी विचारलंस का, कसं झालंय म्हणून? मला बोलायची सवयच नाही!"

हसण्याचा असा गदारोळ उडाला की पाद्रीबाबांच्या दाढीला तल्ला लागला. अबा बिरूंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "मी वेगळा म्हणालो, वाईट म्हणालो नाही," ते म्हणाले, आणि ताटातलं अंडं मसाल्यात घोळवून पुन्हा खायला लागले. ताँगुतनं इंजेऱ्याचा मोठा तुकडा घेतला, त्यात कोंबडीची मांडी गुंडाळली आणि सगळ्यांच्या देखत लाकेचच्या तोंडात घास भरला. एवढा मोठा की लाकेचला पाच मिनिटं काही बोलता आलं नाही. ताँगुतनं तो मुद्दाम तेवढा केला होता, असं लाकेच अजून म्हणते.

दोन महिने असेच गेले. मग नाताळच्या आधीच्या लांब उपासात एका सकाळी ताँगुत शाल सांभाळत माझ्या खोलीत घुसली. मी शाळेला निघाले होते. तिनं माझा हात धरला आणि मला फरफटत फाटकाबाहेर नेलं. तिथे पाणी आणणारं गाढव उभं होतं.

"लीद!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "देब्रितू, गाढवाची लीद! येतोय वास!"

गाढवाचा मालक आमच्याकडे बघत राहिला. लाकेच चूळ भरता भरता बाहेर आली. "सगळं जग सोडून," ती म्हणाली, "नेमकं हेच?"

लिदीनंतर निलगिरीचा धूर आला. मग ओली माती, मग शेजारच्यांचा तळलेला लसूण. सगळं परत आलं नाही. कॉफीला अजून तिला भिजलेल्या चामड्याचा वास येतो, तरी ती तिन्ही पेले पिते. आणि पाळी कुणाचीही असो, बुधवारी आणि शुक्रवारी आता एकाच चुलीवर तिघींचं शिजतं. परवा जवसाचं सरबत करायचं होतं. लाकेच म्हणाली जवस आधी भाजायचं, ताँगुत म्हणाली आधी धुवायचं. दुपार झाली, तहान लागली, कुणी ऐकेना. शेवटी मी शाळेची पिशवी खाली ठेवली, अर्धं धुतलं, अर्धं भाजलं आणि दोन भांड्यांत वेगवेगळं केलं. दोघींनी दोन्ही चाखली आणि एका सुरात म्हणाल्या, की देब्रितूला स्वयंपाक काही येत नाही.